‘झालं की नाही?’ : बिघाड पचवणाऱ्या व्यवहार-प्रणालींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैसे वळते करणं, तिकीट राखून ठेवणं, ऑर्डर नोंदवणं अशी कामं करणाऱ्या प्रणाली जे बांधतात आणि सांभाळतात, त्यांना पडणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्न वेगवेगळे दिसले तरी बहुतेकांच्या मुळाशी दुखणं एकच आहे. मशीन बंद पडलं तर ते निदान दिसतं, पण उत्तरच आलं नाही तर काम झालं की नाही हे कळायला मार्ग नसतो. काही उत्तरं त्यामुळे लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

फॉल्ट-टॉलरंट म्हणजे कधीच बंद न पडणारी प्रणाली का?

नाही. आत काहीतरी सतत बिघडतच असतं. डिस्क खराब होते, केबल सैल होते, मेमरीतला एखादा बिट उलटतो, कुणी घाईत चुकीची कमांड देतं. हे बिघाड आतल्या आत जिरवायचे आणि बाहेर चुकीचं उत्तर जाऊ द्यायचं नाही, एवढंच या शब्दाचं वचन आहे. ते पाळण्यासाठी कधीकधी प्रणालीला मुद्दाम थांबावंही लागतं. चुकीची शिल्लक दाखवण्यापेक्षा ‘थोड्या वेळानं प्रयत्न करा’ म्हणणं केव्हाही बरं.

मग ‘पाच नऊ’ म्हणजे काय?

प्रणाली वर्षातला ९९.९९९ टक्के वेळ चालू राहणं. म्हणजे वर्षभरात बंद राहायला फक्त सव्वापाच मिनिटं. ९९.९९ टक्क्यांना साधारण ५३ मिनिटं मिळतात, ९९.९ टक्क्यांना पावणेनऊ तास. आता एका व्यवहाराच्या वाटेत ९९.९ टक्केवाले पाच भाग एकापाठोपाठ उभे असतील आणि पाचही चालू असणं गरजेचं असेल, तर गणित थेट ९९.५ टक्क्यांवर येतं, म्हणजे वर्षाला जवळजवळ ४४ तास. करार करताना लोक एका भागाचा आकडा बघतात आणि साखळी विसरतात.

या गणितात दोन बाजू असतात: किती दिवसांनी पडतं आणि पडल्यावर किती वेळात उठतं. माझा कल कायम दुसऱ्या बाजूकडे राहिला आहे. वर्षातून एकदाच पडून नऊ तास झोपणाऱ्या मशीनपेक्षा दर आठवड्याला पडून दहा सेकंदांत उठणारं मशीन बरं, ते वर्षभरात नऊ मिनिटंही बंद राहत नाही. शिवाय दर आठवड्याला उठणाऱ्याची उठण्याची सवय मोडत नाही. वर्षातून एकदा पडणारं उठेल की नाही, याची खात्री त्याच्या मालकालाही नसते.

व्यवहार, म्हणजे ट्रान्झॅक्शन, नेमकं कशाला म्हणायचं?

संगणकशास्त्रज्ञ जिम ग्रे यांनी १९८१ मध्ये या कल्पनेची नीट मांडणी केली आणि १९८३ मध्ये थिओ हेर्डर व आंद्रेआस रॉयटर यांनी तिच्या चार गुणांना ‘ॲसिड’ हे नाव दिलं. व्यवहार पूर्ण होतो किंवा अजिबात होत नाही, तो हिशेबाचे नियम मोडत नाही, शेजारच्या व्यवहाराला त्याची अर्धवट अवस्था दिसत नाही आणि एकदा ‘झालं’ म्हटलं की वीज गेली तरी ते झालेलंच राहतं. चौथा गुण वाचायला सगळ्यात सोपा वाटतो. पाळायला तोच अवघड जातो, आणि पुढचे दोन प्रश्न त्याच्याविषयीच आहेत.

व्यवहार अर्ध्यात असताना वीज गेली तर?

इथे लॉग कामाला येतो. नियम असा की डेटाचं बदललेलं पान (डेटाबेस डेटा ठरावीक आकाराच्या तुकड्यांत ठेवतो, ते पान) डिस्कवर जाण्याआधी, काय बदलणार आहोत याची नोंद लॉगमध्ये जाऊन पक्की व्हायला हवी. आधी वहीत लिहायचं, मग कपाटातल्या वस्तू हलवायच्या.

समजा खातं ‘अ’ मध्ये ५००० आहेत आणि ‘ब’ मध्ये १२००. ‘अ’मधून ‘ब’कडे ७०० न्यायचे आहेत. या व्यवहाराला ट-४१ म्हणू. लॉगमध्ये या ओळी पडतात:

ट-४१ सुरू
ट-४१, अ, जुनी किंमत ५०००, नवी ४३००
ट-४१, ब, जुनी किंमत १२००, नवी १९००
ट-४१ कमिट

तिसऱ्या ओळीनंतर वीज गेली तर? मशीन उठल्यावर लॉग वाचतं. ट-४१ चं कमिट, म्हणजे व्यवहार पक्का झाल्याची नोंद, सापडत नाही, म्हणून जुन्या किमती परत बसवल्या जातात. चौथी ओळ डिस्कवर पोचल्यावर वीज गेली तर? ‘अ’चं पान डिस्कवर गेलं असेल, ‘ब’चं गेलं नसेल, काहीही असो. कमिटची ओळ सापडली म्हणजे व्यवहार झाला, आणि नव्या किमती पुन्हा बसवल्या जातात. व्यवहाराचं भवितव्य त्या एका ओळीवर ठरतं. डेटाची पानं किती का विस्कटलेली असेनात, त्यांना मत नाही.

आज बहुतेक डेटाबेस हे ज्या पद्धतीनं करतात तिच्यावर एरिस या अल्गोरिदमची छाप आहे. आयबीएममध्ये सी. मोहन आणि सहकाऱ्यांनी तो बांधला आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. मशीन उठल्यावर आधी इतिहास जसाच्या तसा पुन्हा घडवला जातो, अपुऱ्या व्यवहारांसकट, आणि मग अपुरे व्यवहार मागे घेतले जातात. मागे घेताना केलेल्या कामाचीही लॉगमध्ये नोंद होते. का? कारण सावरता सावरता वीज पुन्हा जाऊ शकते. आणि तिसऱ्यांदाही.

डेटाबेसनं ‘कमिट झालं’ म्हटलं म्हणजे नोंद खरंच डिस्कवर गेली का?

गेली असावी. ‘असावी’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे.

तुमचा प्रोग्राम फाइलमध्ये लिहितो तेव्हा लिहिलेलं आधी ऑपरेटिंग सिस्टिमच्या मेमरीत पडून राहतं. ‘एफसिंक’ हा कॉल केल्यावर ते डिस्ककडे ढकललं जातं. डिस्कच्या आतही तिची स्वतःची कॅश असते, आणि काही स्वस्त डिस्क कॅशमध्ये आलं की लगेच ‘लिहिलं’ म्हणून मोकळ्या होतात. म्हणजे वाटेत तीन कारकून आहेत आणि तिघांपैकी कुणीही काम हाती घेतल्या घेतल्या ‘झालं साहेब’ म्हणू शकतो.

२०१८ मध्ये पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसवाल्यांच्या लक्षात आलेली गोष्ट तर भल्याभल्यांची झोप उडवणारी होती. लिनक्सवर एफसिंक अपयशी ठरला तर कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ती पानं ‘स्वच्छ’, म्हणजे डिस्कवर गेलेली, म्हणून खूण करून टाकत होता. डेटाबेस बिचारा पुन्हा एफसिंक करायचा, या वेळी उत्तर यायचं ‘यशस्वी’, आणि डेटा मात्र डिस्कवर कधी गेलेलाच नसायचा. वर्षानुवर्षं सगळे समजत होते की अपयश आलं तर पुन्हा प्रयत्न केला की झालं. शेवटी त्यांनी धोरणच बदललं. २०१९ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांपासून एफसिंकनं एकदा नाही म्हटलं की पोस्टग्रेस्क्यूएल स्वतःला पाडून घेतो आणि लॉगवरून नव्यानं उठतो. संशयात चालत राहण्यापेक्षा कोसळून, ज्याची खात्री आहे तिथून सुरुवात करायची.

आणखी एक बारकावा: पान लिहितानाच वीज गेली तर अर्धं पान नवं आणि अर्धं जुनं असं फाटकं पान उरू शकतं. पोस्टग्रेस्क्यूएल त्यासाठी चेकपॉइंटनंतरच्या (बदललेली सगळी पानं डिस्कवर नेण्याच्या टप्प्यानंतरच्या) पहिल्या बदलाला पूर्ण पान लॉगमध्ये घालतो, तर मायएसक्यूएल या डेटाबेसचा साठवणीचा भाग इनोडीबी प्रत्येक पान आधी एका वेगळ्या जागी लिहून मग मूळ जागी लिहितो. हे ‘बंद करून वेग वाढवा’ असा सल्ला कुठे वाचलात तर त्या पानावरून पुढे जा.

प्रत्येक कमिटला डिस्कची वाट पाहिली तर वेग कसा मिळणार?

एकत्र लिहून. काही मिलिसेकंद थांबून जमलेल्या पन्नास व्यवहारांच्या नोंदी एकाच एफसिंकमध्ये डिस्कवर न्यायच्या. प्रत्येकाला किंचित उशीर होतो, एकूण वेग कित्येक पट वाढतो.

रेड लावलं आहे, मग बॅकअप कशाला?

रेड म्हणजे तोच डेटा अनेक डिस्कवर अशा रीतीनं ठेवणं की एक गेली तरी चालेल. ते डिस्क मेल्यावर वाचवतं. चुकून दिलेली ‘डिलीट’ ते सगळ्या डिस्कवर तितक्याच तत्परतेनं पोचवतं. दुसऱ्या सर्व्हरवर चालू ठेवलेल्या प्रतीचं, म्हणजे रिप्लिकाचंही तेच.

बॅकअपबद्दल बोलायचं तर गिटलॅब या कोड साठवणाऱ्या सेवेची ३१ जानेवारी २०१७ ची घटना प्रत्येक टीमनं एकदा वाचावी. दुय्यम सर्व्हरची डेटा-फोल्डर पुसायला गेलेल्या इंजिनियरनं मुख्य सर्व्हरची फोल्डर पुसली. रोजचा बॅकअप शोधायला गेले तर तो होतच नव्हता, कारण बॅकअप काढणाऱ्या साधनाची आवृत्ती डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हती. तो अपयशी झाल्याच्या ईमेल सुटत होत्या, पण त्या समोरच्या मेल-सर्व्हरवर नाकारल्या जात होत्या. सुदैवानं सहा तासांपूर्वी कुणीतरी वेगळ्याच कामासाठी एक स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, हातानं काढून ठेवला होता, त्यावर निभावलं. सहा तासांचा डेटा गेला. कंपनीनं हे सगळं स्वतःहून जाहीर केलं, म्हणून आपल्याला शिकता येतं. रिस्टोअर करून पाहिला नाही तोवर तो बॅकअप धरू नका.

दोन मशीन ठेवली की झालं ना?

कल्पना जुनी आणि चांगली आहे. टँडम कंपनीचं पहिलं मशीन १९७६ मध्ये आलं, खास न थांबणाऱ्या व्यवहारांसाठी बांधलेलं. त्यात प्रत्येक महत्त्वाच्या प्रोसेसची एक जोडीदार प्रोसेस दुसऱ्या प्रोसेसरवर बसलेली असे. मुख्य प्रोसेस आपली अवस्था तिला अधूनमधून कळवत राही आणि ती पडली की जोडीदार तिथून काम उचले. १९८० मध्ये निघालेल्या स्ट्रॅटसनं तेच हार्डवेअरमध्ये केलं. एका बोर्डवर दोन प्रोसेसर एकच काम करतात, उत्तरं जुळली नाहीत की बोर्ड स्वतःच बाजूला होतो आणि जोडीचा दुसरा बोर्ड काम चालू ठेवतो.

पण मग गोची कुठे आहे? दोन्हीकडे चूक तीच असेल तर दोन असून उपयोग शून्य. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. त्यात दिशादर्शनाचे दोन संगणक होते, दोघांवर सॉफ्टवेअर एकच. एक मोठा आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही आणि राखीव संगणक आधी बंद पडला. मुख्य संगणक क्षणार्धात त्याच कारणानं त्याच्या मागे गेला.

मला स्वतःला हा धडा याहून फार किरकोळ वस्तूनं शिकवला. पूर्वी ज्या ठिकाणी काम करत होतो तिथे प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय होते, निविदेत ठळक अक्षरांत लिहिलेले. एका रविवारी दोन्ही सर्व्हर एकदम गेले. रॅकच्या मागे वाकून पाहिलं तर चारही वायरी एकाच एक्स्टेन्शन बोर्डात. बोर्डाचं लाल बटण कुणाच्या तरी बुटाच्या टोकानं दाबलं गेलं होतं.

जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये टँडमच्या ग्राहकांकडची मशीनं का थांबतात याचा हिशेब मांडला. त्यात हार्डवेअरचा वाटा सुमारे १८ टक्के निघाला, सॉफ्टवेअरचा २५ आणि देखभाल-व्यवस्थापनातल्या चुकांचा ४२. म्हणजे हार्डवेअर दुप्पट करून आपण सगळ्यात मोठ्या कारणाला हातच लावत नाही. त्याच अहवालात एक दिलासाही आहे. टँडमच्या एका सॉफ्टवेअरमधले १३२ बिघाड तपासले, त्यांतला फक्त एक दर वेळी हमखास येणारा होता. बाकीचे वेळेच्या, क्रमाच्या विचित्र योगायोगानं उगवणारे, शोधायला गेलं की गायब होणारे. ग्रे त्यांना ‘हायझेनबग’ म्हणत. जोडीदार प्रोसेसनं तेच काम पुन्हा केलं की तो योगायोग बहुधा जुळत नाही आणि काम पार पडतं. ‘बंद करून चालू करा’ या सल्ल्यामागचं शास्त्र हेच.

मुख्य सर्व्हर मेला आहे हे राखीव सर्व्हरला कसं कळतं?

कळत नाही. त्याला फक्त शांतता ऐकू येते. मुख्य सर्व्हर मेला, की त्याच्यावर कामाचा डोंगर आहे, की मधली केबल तुटली, या तिन्हींचा आवाज एकसारखाच. फिशर, लिंच आणि पॅटरसन यांनी १९८५ मध्ये सिद्धच केलं की निरोप पोचायला किती वेळ लागेल यावर कसलीच मर्यादा नसेल आणि एखादी जरी प्रोसेस मरू शकत असेल, तर दर वेळी कधी ना कधी नक्की एकमत घडवणारा निश्चित स्वरूपाचा अल्गोरिदम असूच शकत नाही. प्रत्यक्षात आपण टाइमआउट (उत्तराची वाट पाहण्याची ठरलेली मर्यादा) लावून वेळ मारून नेतो, म्हणजे अंदाज करतो.

अंदाज चुकला की दोघंही स्वतःला मुख्य समजू लागतात. याला ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात आणि व्यवहार-प्रणालीला याहून वाईट अवस्था नाही, कारण दोघंही मनापासून आणि वेगवेगळं ‘झालं’ सांगत असतात. उपाय दोन, आणि दोन्ही लागतात. एक म्हणजे बहुमत: तीन किंवा पाच मशीन ठेवायची आणि निम्म्याहून जास्त जणांचा होकार असल्याशिवाय कुणी काहीही पक्कं करायचं नाही. दोन बहुमतांत एक तरी सभासद सामाईक असतोच, त्यामुळे एका गटानं पक्कं केलेलं दुसऱ्याला डावलता येत नाही. पॅक्सॉस (लॅम्पोर्ट यांनी मांडलेला, १९९८ मध्ये छापून आलेला) आणि राफ्ट (२०१४) हे अल्गोरिदम याच पायावर उभे आहेत.

दुसरा उपाय म्हणजे कुंपण. जुना मुख्य सर्व्हर मेलेला नसून नुसता झोपला असेल आणि जागा होऊन लिहू लागला तर? प्रत्येक नव्या मुख्याला वाढता क्रमांक द्यायचा आणि जुन्या क्रमांकाचं लिखाण स्टोरेजनं परत पाठवायचं. ते जमत नसेल तर त्याची वीज तोडायची. क्रूर वाटतं, पण मेल्याची खात्री करण्याचा तो एक प्रामाणिक मार्ग आहे.

किती लहानशा शांततेनं केवढं होतं याचा नमुना म्हणजे गिटहब या कोड साठवणाऱ्या सेवेची २१ ऑक्टोबर २०१८ ची घटना. नेटवर्कची दुरुस्ती करताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या दोन ठिकाणांमधला संपर्क ४३ सेकंद तुटला. स्वयंचलित व्यवस्थेनं डेटाबेसचं मुख्यपद पश्चिम किनाऱ्याकडे दिलं. पूर्वेकडे शेवटच्या काही क्षणांत झालेलं लिखाण पश्चिमेला पोचलेलं नव्हतं, आणि पश्चिमेकडे नवं सुरू झालं. दोन्हीकडे एकमेकांकडे नसलेला डेटा. सेवा पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली.

तीनच मशीन का? चार ठेवली तर जास्त सुरक्षित नाही का?

चारांचं बहुमत तीन, म्हणजे एकच मशीन गमावता येतं. तीन असतानाही एकच गमावता येत होतं. चौथं फुकट गेलं. दोन गमावायची तयारी हवी तर पाच घ्या. मशीन नुसतं बंद न पडता खोटं बोलू शकतं असं धरायचं असेल तर मात्र हिशेब वेगळा: एका खोटारड्यासाठी चार, दोघांसाठी सात.

टाइमआउट आला. व्यवहार पुन्हा पाठवायचा का?

सगळ्या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे.

टाइमआउट म्हणजे ‘नरो वा कुंजरो वा’. तुमची विनंती पोचलीच नसेल, किंवा पोचून काम झालं असेल आणि फक्त उत्तर हरवलं असेल. पुन्हा पाठवलं तर पैसे दोनदा कापले जाण्याची भीती, नाही पाठवलं तर एकदाही न कापले जाण्याची. यातून सुटायचं तर तीच विनंती कितीही वेळा आली तरी परिणाम एकदाच होईल अशी सोय समोरच्या बाजूला हवी. त्यासाठी प्रत्येक विनंतीला एक ओळख-क्रमांक द्यायचा. समोरचा तो क्रमांक नोंदवून ठेवतो आणि दुसऱ्यांदा दिसला की काम न करता पहिलंच उत्तर परत देतो.

ऐकायला सोपं आहे. बिघडतं ते बारीकसारीक ठिकाणी. एका जुन्या प्रकल्पात आम्ही हे सगळं अगदी छान केलं होतं, तरी एका संध्याकाळी दुहेरी नोंदी दिसू लागल्या. दोन तास लॉग चाळल्यावर सापडलं की क्रमांक तयार करणारी ओळ रिट्रायच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा पाठवण्याच्या, लूपच्या आत होती. म्हणजे प्रत्येक प्रयत्नाला नवा कोरा क्रमांक, आणि समोरच्याच्या दृष्टीनं प्रत्येक प्रयत्न हा नवा व्यवहार. ती ओळ लूपच्या वर नेली. दुरुस्ती एका ओळीची, निस्तरायला लागला आठवडा.

तेव्हापासून कुणाचाही कोड बघताना मी तीन गोष्टी तपासतो. क्रमांक पहिल्या प्रयत्नाआधी तयार होतो का, आणि पाठवणारा प्रोग्रामच पडून उठला तरी तो टिकतो का? समोरची बाजू तो क्रमांक आणि खात्यातला बदल एकाच डेटाबेस-व्यवहारात लिहिते का? वेगवेगळे लिहिले तर दोहोंच्या मध्ये वीज जायला जागा उरते. आणि तोच क्रमांक पण रक्कम वेगळी असं आलं तर ती विनंती ठणकावून नाकारली जाते का?

पुन्हा पाठवतानाही तारतम्य हवं. अॅप तीनदा प्रयत्न करतं, मधली सेवा तीनदा, तिच्या खालची तीनदा, म्हणजे एका बटणामागे तळाच्या डेटाबेसवर २७ विनंत्या. आधीच धापा टाकणाऱ्याला हे मारूनच टाकतं. प्रत्येक प्रयत्नानंतर थांबण्याचा काळ वाढवत न्या, त्यात थोडा यादृच्छिकपणा घाला म्हणजे सगळे एकदम परत येणार नाहीत, आणि रिट्राय एकाच थरात ठेवा.

आणि काम उलटवताच येत नसेल तर? उदाहरणार्थ एटीएमनं नोटा बाहेर दिल्या?

नोटा रोलबॅक होत नाहीत, म्हणजे मागे घेता येत नाहीत. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी खात्यातून रक्कम वळती, मग नोटा. मधेच काही अडकलं तर मशीन ‘रिव्हर्सल’ पाठवतं. कार्ड-व्यवहारांसाठीच्या आयएसओ ८५८३ या मानकात त्यासाठी वेगळे संदेश आहेत: पैशाच्या विनंतीचा ०२००, रिव्हर्सलचा ०४०० किंवा ०४२०. यातला ०४२० मला शहाणा वाटतो. ती परवानगीची मागणी नसून ‘असं घडलं आहे, नोंद घ्या’ अशी सूचना असते, आणि पोच मिळेपर्यंत ती पुन्हा पुन्हा पाठवली जाते.

‘एक्झॅक्टली वन्स’, म्हणजे नक्की एकदाच, निरोप पोचवणारी रांग घेतली तर ही कटकट संपेल का?

नाही. निरोप नक्की एकदाच पोचवणं नेटवर्कवर शक्य नाही. निदान एकदा पोचवणं आणि दुसऱ्यांदा आलेला ओळखून बाजूला टाकणं एवढंच करता येतं. काही उत्पादनं ते त्यांच्या आवारापुरतं छान करतात. तुमचा कोड बाहेर ईमेल पाठवू लागला की आवार संपलं.

दोन वेगळ्या डेटाबेसमध्ये एकच व्यवहार करायचा आहे. टू-फेज कमिट वापरू का?

पद्धत अशी: समन्वयक दोघांना विचारतो, ‘तयार आहात?’ दोघंही आपापल्या लॉगमध्ये पक्की नोंद करून ‘तयार’ म्हणतात. मग समन्वयक निकाल लिहितो आणि कळवतो. दोष असा की ‘तयार’ म्हणून बसलेल्याला निकाल येईपर्यंत हलता येत नाही. समन्वयक नेमका तेव्हाच पडला तर तो व्यवहार त्रिशंकूसारखा लटकतो, कमिट नाही आणि रोलबॅकही नाही, वर त्यानं धरलेली कुलुपं इतरांचीही वाट अडवतात.

एकाच संस्थेतले दोन डेटाबेस असतील आणि समन्वयक लवकर उठत असेल तर मी ही पद्धत बिनधास्त वापरतो. तिची बदनामी जरा जास्तच झाली आहे. गूगलच्या स्पॅनर या डेटाबेसमध्येही (२०१२ चा शोधनिबंध) टू-फेज कमिटच आहे. फक्त त्यातला प्रत्येक भागीदार हा एकटं मशीन नसून पॅक्सॉसनं बांधलेला गट असतो, त्यामुळे एखादं मशीन गेल्यानं समन्वयक जात नाही.

वेगवेगळ्या संस्था असतील, किंवा काम मिनिटं-तास चालणारं असेल, तर सागा ही पद्धत बघा. गार्सिया-मोलिना आणि सालेम यांनी ती १९८७ मध्ये मांडली. मोठ्या कामाचे छोटे छोटे स्वतंत्र व्यवहार करायचे आणि प्रत्येकाची भरपाई करणारा उलटा व्यवहार आधीच लिहून ठेवायचा. किंमत ही की मधली अवस्था जगाला दिसते.

आणि एक सापळा. डेटाबेसमध्ये लिहायचं आणि लगेच रांगेत निरोप टाकायचा, असा कोड सर्रास दिसतो. दोहोंच्या मध्ये प्रोग्राम पडला तर ऑर्डर आहे पण निरोप नाही. निरोपही त्याच डेटाबेसच्या एका टेबलात, त्याच व्यवहारात लिहा आणि वेगळ्या प्रोसेसनं तो तिथून उचलून पाठवू द्या. दोनदा जाईल कदाचित, पण त्याची सोय वर सांगितलीच आहे.

दुसरी प्रत दूरच्या डेटा सेंटरमध्ये ठेवायची. कमिटला तिची वाट पाहायची का?

पाहिलीत तर प्रकाशाच्या वेगाला सामोरं जा. फायबरमध्ये तो सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर, म्हणजे दर १०० किलोमीटर अंतरामागे जाऊन-येऊन एक मिलिसेकंद, उपकरणांचा उशीर वेगळा. हजार किलोमीटरला दहा मिलिसेकंद प्रत्येक कमिटवर. नाही पाहिलीत तर मुख्य केंद्र गेल्यावर शेवटचे काही व्यवहार हरवतील, आणि त्यांना तुम्ही आधीच ‘झालं’ म्हणून बसलेले असाल. किती सेकंदांचा डेटा गमावलेला चालेल हा निर्णय धंदा चालवणाऱ्यांकडून लेखी घ्या. इंजिनियरनं तो गुपचूप एका सेटिंगमध्ये घेऊन टाकू नये.

नवी आवृत्ती चढवताना काय सांभाळायचं?

जुनी आणि नवी आवृत्ती काही काळ शेजारी शेजारी चालणार हे गृहीत धरा. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या शेअर-दलाल कंपनीत आठांपैकी सात सर्व्हरवर नवा कोड चढला, एकावर राहून गेला. नव्या कोडनं एक जुना फ्लॅग (कोडचा एखादा भाग चालू-बंद करणारी खूण) नव्या अर्थानं वापरला होता, आणि आठव्या सर्व्हरवर त्याच फ्लॅगनं वर्षानुवर्षं न वापरलेला कोड जागा झाला. पाऊण तासात ४० कोटी डॉलरहून जास्त नुकसान. गोंधळात त्यांनी नीट चाललेल्या सातांवरूनही नवा कोड काढून टाकला, त्यामुळे आठही सर्व्हर चुकू लागले. फ्लॅगचे अर्थ बदलू नका, नवा फ्लॅग फुकट मिळतो.

हे सगळं तपासायचं कसं?

पाडून. प्रोग्रामला व्यवहाराच्या कमिटच्या आधीच्या आणि नंतरच्या प्रत्येक टप्प्यावर ‘किल -९’ या तत्क्षणी बंद पाडणाऱ्या कमांडनं मारा आणि उठल्यावर सगळ्या खात्यांची बेरीज तेवढीच आहे का बघा. नेटवर्क एकाच दिशेनं तोडून पाहा: अ-चं ब-ला ऐकू येतं पण ब-चं अ-ला नाही. ही अवस्था फार कमी लोक तपासतात. नेटफ्लिक्सचं ‘केऑस मंकी’ हे साधन प्रॉडक्शनमध्येच, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या प्रणालीतच, सर्व्हर पाडतं. जेप्सेन हे साधन डेटाबेस कंपन्यांचे दावे नेटवर्क तोडून तपासतं, आणि त्यानं अनेक नामांकित उत्पादनांचे दावे खोडले आहेत. फाउंडेशनडीबी या डेटाबेसवाल्यांनी तर सर्व्हरांचा अख्खा समूह एकाच प्रोसेसमध्ये, बनावट घड्याळ आणि बनावट नेटवर्कवर चालवला, म्हणजे सापडलेला बिघाड हवा तेव्हा हुबेहूब पुन्हा घडवता येतो. हायझेनबगला पिंजऱ्यात पकडण्याचा याहून चांगला उपाय मी पाहिलेला नाही.

इतकं केल्यावर रोजची जुळवणी कशाला?

कारण वरच्या प्रत्येक उपायात कुणाचा तरी बग असतो. रोज रात्री दोन्ही बाजूंच्या नोंदी समोरासमोर ठेवणारा प्रोग्राम लिहा, आणि तो मूळ कोड लिहिणाऱ्यानं लिहू नये. नाहीतर एकाच गैरसमजाच्या दोन प्रती निघतात.

रात्री फोन आला: व्यवहार अडकलेत, ग्राहक ओरडतायत. पहिलं काय करायचं?

रिट्राय बंद करा. लॉगची प्रत दुसरीकडे काढून ठेवा, रीस्टार्टच्या आधी. मग अडकलेल्या व्यवहारांची यादी काढून तीन ढीग करा: झालेले, न झालेले, माहीत नसलेले. पहिल्या दोन ढिगांना हात लावू नका. तिसऱ्यातल्या प्रत्येकासाठी समोरच्या बाजूला त्याचा ओळख-क्रमांक देऊन विचारा. तिथेही उत्तर नसेल तर ग्राहकाला ‘अयशस्वी’ असं कळवू नका, ‘प्रलंबित’ कळवा. ‘अयशस्वी’ वाचलं की तो लगेच पुन्हा बटण दाबतो, आणि त्या विनंतीला नवा क्रमांक असतो.